पोरीला हे शिकवतं कोण?

दूध केंद्रावर सगळे तिला नाकबाई म्हणायचे. तोंडावर नुसतं 'बाई', पाठीमागे 'नाकबाई'. आणि पाठीमागे काय म्हणतात हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण पाठीमागे कोण काय म्हणतं याचा पत्ता ठेवणं हे तिचं आयुष्यभराचं दुसरं काम होतं. पहिलं काम दूध तपासायचं. सकाळी कॅनची रांग लागली की ती एकेकाचं झाकण काढायची, नाक खाली न्यायची आणि एका श्वासात निकाल द्यायची, "घ्या", नाहीतर "बाजूला ठेवा". मग काचेचं मापक दुधात सोडायची, चमचाभर दूध तापवून बघायची, पण ते नाकाने आधीच सांगितलेल्यावर शिक्का मारण्यापुरतं.

तिचे नियम दोनच. कॅन तळापासून ढवळल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही, कारण साय वर येते आणि खालची लबाडी झाकते. आणि कॅन आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. हा दुसरा नियम तिला महागात पडून मिळाला होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक म्हातारा रोज हसून तिची चौकशी करायचा, जेवलीस का, पाय दुखतात का. एक दिवस तिने त्याच्या हसण्यावर विसंबून त्याचा कॅन तसाच पुढे सोडला. ते दूध आंबलेलं होतं, त्याने टाकीभर दूध नासवलं आणि साहेब तिला सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. नाकबाईने त्या दिवसापासून पाणीसुद्धा फुंकून प्यायला सुरुवात केली.

सवय केंद्रावर राहिली असती तर ठीक होतं. ती तिच्याबरोबर घरी आली. पाववाला ताजा पाव मागे ठेवतो असा संशय येऊन तिने मागचा मागायला सुरुवात केली. मग पाववाल्याने तिच्यासाठी शिळा मागे ठेवायला सुरुवात केली. तिने ते ताडलं आणि ती परत पुढचा मागू लागली. आता दोघंही दमले होते, पण माघार कोण घेणार? दाराला कुलूप लावलं की ती ओढून बघायची, चार पायऱ्या उतरायची आणि परत वर जाऊन ओढून बघायची. लग्नाचंही तसंच झालं. स्थळं आली होती, नाही असं नाही. तिने प्रत्येकाची कसून चौकशी केली आणि ती चौकशी पुरी होईपर्यंत त्या सगळ्यांची दुसरीकडे लग्नं होऊन गेली.

अशा घरात तिच्या धाकट्या भावाची नऊ वर्षांची मुलगी राहायला आली. पुढचे दोन दात मोठे, म्हणून सगळे तिला खारू म्हणायचे. भावाला आणि भावजयीला दूरच्या गावी कारखान्यात काम मिळालं होतं, राहायला धड खोली नव्हती. "महिनाभराचा प्रश्न आहे," असं भावजय खारूच्या गालाला हात लावून म्हणाली होती. त्या महिन्याने चांगलंच बाळसं धरलं. शाळेची पहिली परीक्षा झाली, दुसरी आली, खारूचे बूट लहान होऊन नवे घेतले, तरी महिना काही संपेना. दर रविवारी भाऊ नाकबाईच्या फोनवर फोन करायचा, दोन मिनिटं खारूशी बोलायचा. भावजय बहुतेक वेळा 'कामात' असायची.

नाकबाईला पोर हवी होती. दाराशी ते लहान बूट दिसले की तिला बरं वाटायचं, जिन्यावर धडधड पावलं वाजली की तिच्या जिवात जीव यायचा. पण हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. आपल्याला काय हवंय ते सांगितलं की लोक त्याचा भाव वाढवतात, असं तिचं मत होतं. खारूलाही तिने सांगितलं नव्हतं. फक्त एकदा, पोर तापाने फणफणली होती तेव्हा, "तुला मी कुठे पाठवणार नाही," असं तिच्या तोंडून निसटलं होतं.

मग शाळेतून बोलावणं आलं.

वर्गशिक्षिका खडूने पांढरे झालेले हात रुमालाला पुसत म्हणाल्या, "राग मानू नका, पण तुमची भाची कोणावर विश्वासच ठेवत नाही. मैत्रिणीने डबा पुढे केला की आधी वास घेते. मग विचारते, 'मलाच का देतेस?' मी दोन दिवस रजेवर जाणार म्हटलं, तर म्हणते, 'परत येणार असं लिहून द्या.' आता तिच्या बाकावर कोणी बसत नाही. घरच्यांनी थोडा विश्वास बिंबवायला हवा हो तिच्यात."

नाकबाई थक्क झाली. अशी पोर? आपल्या घरात? हे कोणी शिकवलं तिला?

घरी पोचते तोच भावाचा फोन. "ताई, मलाही शाळेतून फोन आला होता. तू नोकरी करणारी, एकटी, तू तरी किती पुरणार! इथे एक निवासी शाळा आहे. हे वर्ष संपेपर्यंत पोर सुधारली तर ठीक, नाहीतर तिला तिकडे घालतो."

"बघू," नाकबाई म्हणाली. आवाज तिने कोरडा ठेवला, पण फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ ओट्याला धरून उभी होती. पोर जाणार. कोणीतरी पोरीच्या कानात रोज थोडं थोडं विष घालतंय आणि त्यापायी पोर आपल्या हातून जाणार. कुठेतरी पाणी मुरतंय. ते कुठे मुरतंय, हे शोधायलाच हवं.

आधी तिने त्या शब्दाचीच चौकशी करायचं ठरवलं. 'बिंबवायला हवा' म्हणे. शिक्षिकेने साधं 'शिकवा' का नाही म्हटलं? वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुद्रितशोधक राहायचे, त्यांना खारू शब्दकाका म्हणायची. त्यांच्या खोलीत पलंग सोडून सगळीकडे शब्दकोश होते, आणि पलंगावर शाईने खुणा केलेले कागद. नाकबाई दारातच उभी राहिली. कोणाच्या घरात पटकन आत शिरू नये, बाहेर पडायची वाट आधी बघून ठेवावी.

"काका, बिंबवणं म्हणजे काय?"

"कुठल्या वाक्यात?"

"वाक्य राहू द्या. हा शब्द मूळचा कुठला? कोणाचा कोण?"

काका खूश झाले. या प्रश्नासाठी त्यांच्याकडे फारसं कोणी येत नसे. "मूळ बिंब. संस्कृतातला जुना शब्द. सूर्याचं बिंब म्हणतो ना आपण, तेच. ते पाण्यात उमटलं की प्रतिबिंब. मनावर बिंबवणं म्हणजे एखादी गोष्ट मनात अशी उमटवायची, की ती तिथे दिसत राहावी."

"म्हणजे परत परत सांगायचं."

"सांगायचंच असेल तर 'ठसवणं' आहे की! ठसा मारायचा, दाबून. 'रुजवणं' मातीतलं आहे, पेरायचं आणि धीर धरायचा. 'मुरवणं' बरणीतलं. झाकण लावायचं आणि सारखं उघडून बघायचं नाही."

"ते मला जमणार नाही," नाकबाई प्रामाणिकपणे म्हणाली.

"पण बिंबवण्यात मला नेहमी एक गंमत वाटते," काका चष्मा काढून म्हणाले. "हे काही कोशात नाही, माझंच आपलं. पाण्याला काही करावंच लागत नाही. काठावर जो उभा असेल, तो त्यात दिसतो."

"आणि तो काठावरचा? तो काय करतो?"

"उभा राहतो. रोज."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

इतक्या सोप्या उत्तरावर नाकबाईचा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. जिना उतरता उतरता तिने हिशेब मांडला. रोज काठावर कोण उभं असतं? ती शिक्षिका! दिवसातला निम्मा वेळ पोर तिच्यासमोर, आणि वर आपल्यालाच शहाणपण शिकवते. की हे काकाच? खारू त्यांचं भिंग घेऊन खेळायला वर जाते, तेव्हा ते तिला म्हणतात, 'दिसतं तसं नसतं, छापलेलं तर मुळीच नसतं.' हे पोरीला सांगायची गोष्ट आहे का? पण सगळ्यांत दाट संशय भावजयीवर होता. ती जाताना आपला जुना फोन खारूकडे ठेवून गेली होती, आणि रोज संध्याकाळी खारू तो घेऊन आतल्या खोलीत बसायची. पोरीला परत न्यायचं, तर आधी तिचं मन इथून उठवायला हवं. भावजय तेच करत असणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं स्वतःशी म्हणत नाकबाईने, खारूला घेऊन दुकानात निघताना, दाराचं कुलूप ओढून बघितलं. खारू मागे उभी होती. तिनेही एकदा ओढून बघितलं.

काखेत कळसा नि गावाला वळसा, असं कोणी नाकबाईला म्हणालं असतं तर तिने आधी विचारलं असतं, कळसा कोणाचा आणि तो माझ्या काखेत कोणी ठेवला?

आता तपासणी सुरू झाली. नमुना म्हणून तिने एका संध्याकाळी बशीत चार बिस्किटं ठेवली आणि काही न बोलता भाजी आणायला गेली. पोर विचारल्याशिवाय घेते का, घेतलं तर कबूल करते का, एवढंच बघायचं होतं. परत आली तर बशीत पाच बिस्किटं.

तिने परत मोजली. पाच. शंकेची पाल चुकचुकली. दुसऱ्या कोणी हसून सोडून दिलं असतं. पण नाकबाईचा अख्खा जन्म दूध केंद्रावर गेला होता, आणि तिथे कमी भरलेल्या कॅनची कोणी भीती धरत नाही. कमी दूध आणणाऱ्याची गाय आटली असेल. भीती असते ती वाढलेल्या दुधाची. जे वाढतं त्यात काहीतरी घातलेलं असतं. खारूला एका शब्दाने न विचारता ती तडक वर गेली.

"तुम्ही पोरीला बिस्किटं देता?"

"मला साखर वर्ज्य आहे हो. माझ्या घरात बिस्किट नाही," शब्दकाका म्हणाले.

"मग पाचवं आलं कुठून?"

"पाचवं काय?"

"ते तुम्हालाच माहीत!" असं म्हणून ती तणतणत खाली आली. शब्दकाका बिचारे दारात तसेच उभे राहिले. खाली खारू अभ्यासाची वही उघडून बसली होती. आत्याच्या पायांचा आवाज ऐकून तिने मान वर केली, आत्या काही विचारते का याची वाट बघितली, आणि परत मान खाली घातली.

राहता राहिली भावजय. संध्याकाळी खारू फोन घेऊन आत गेली की नाकबाई हातात फडकं घेऊन दाराआड उभी राहू लागली. फडकं एवढ्यासाठी, की कोणी पाहिलं तर आपण दार पुसतोय. पलीकडची भावजय काय बोलते ते ऐकू यायचं नाही, खारूचंच तेवढं कळायचं.

"हो आई. नाही आई. आज गणितात सगळं बरोबर आलं." मग गप्प. "आई, ते खाकी पांघरूण टोचतं गं मला. झोप येत नाही." मग परत गप्प. "बाकावर मी एकटीच बसते. चालतं मला."

कपाटात मऊ पांघरूण होतं. तिचा हात शिवशिवला. पण आज पांघरूण बदललं तर उद्या पोरीला कळणार की आत्या दाराआड उभी असते. पोर आईला सांगणार, मग भावजय सावध होणार. नाही, ताकास तूर लागू द्यायची नाही. एकदा खात्री पटली, की मग बघू. म्हणून बोलणं संपत आलं की ती हळूच मागे सरकायची, गॅस पेटवायची आणि चहाच्या भांड्यांचा मोठा आवाज करायची. आपण इथेच होतो, काही ऐकलं नाही, असा.

असे बरेच दिवस गेले. पोर वाळली. डोळ्यांखाली काळं आलं. नाकबाई तिला दूध प्यायला लावायची, पेला रिकामा होईपर्यंत समोर बसायची, आणि मनात भावजयीला लाखोली वाहायची.

शेवटी एका संध्याकाळी ते ऐकू आलं.

"आई, आत्या म्हणाली होती की ती मला कुठे पाठवणार नाही," खारू फोनवर सांगत होती, नेहमीपेक्षा सावकाश आणि स्पष्ट. "पण तूही म्हणाली होतीस ना, महिनाभरच. म्हणून आत्याला मी तपासतेय. मी बशीत डब्यातलं एक बिस्किट जास्त ठेवलं. तिने मला विचारलंच नाही, काकांशी भांडून आली. पांघरुणाचं सांगितलं, तिने बदललं नाही. बाकाचं सांगितलं, ती काही बोलली नाही. म्हणजे तिला मी नकोच असणार."

नाकबाईच्या हातातलं फडकं गळून पडलं. तपासतेय? पोर मला तपासतेय? आणि ते सावकाश बोलणं, ते एकामागून एक पुरावे मांडणं, तोंडाकडे न बघता निकाल द्यायचा तो ढंग तिला ओळखीचा वाटला. इतका ओळखीचा, की तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त भीती वाटली. गॅसकडे जायला ती वळलीदेखील होती. सवयच ती. मग तिने दार ढकललं.

"खारू, मी दाराआड होते. मी ऐकलं सगळं."

खारू मुळीच दचकली नाही. फोन कानाला तसाच होता. "माहीत आहे. दाराखालून तुझ्या चपला दिसतात."

"मग बोलत कशी होतीस?"

"तू आत येतेस का बघत होते. तू नेहमी चहाची भांडी वाजवतेस."

नाकबाई मटकन पलंगाच्या कडेवर बसली. "आण तो फोन. मला बोलू दे तुझ्या आईशी. आज सोक्षमोक्षच लावते." तिने फोन घेतला, कानाला लावला. "हॅलो! हॅलो!" पलीकडून काहीच नाही. तिने फोन डोळ्यांसमोर धरला. काच काळी होती. बटण दाबलं, फोन बंदच.

"त्यातले पैसे कधीच संपले," खारू म्हणाली. "मग बॅटरीही गेली, तो चालूच होईना."

"कधी?"

"बूट घेतले ना, त्याच्याही आधी."

नाकबाईने आयुष्यभर प्रत्येक गोष्टीवर संशय घेतला होता. दूध, पाव, कुलूप, शिक्षिका, शब्द. या बंद फोनचा तिला कधी संशय आला नव्हता. ज्या बाईने पोरीचे कान भरले म्हणून ती रोज दात-ओठ खात होती, त्या बाईचा आवाज या फोनमधून कितीतरी दिवसांत आलाच नव्हता.

"मग इतके दिवस तू बोलत कोणाशी होतीस, बाळा?"

"तुझ्याशी," खारू म्हणाली. "तू ऐकायचीस ना."

नाकबाई रडली. हुंदका दाबायचा तिने प्रयत्नही केला नाही. मग दोन्ही हातांनी डोळे पुसून ती पोरीच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "ऐक. मला तू हवी आहेस. पहिल्या दिवसापासून हवी आहेस. सांगितलं असतं तर कोणीतरी हिरावून नेईल असं वाटायचं मला, म्हणून नाही सांगितलं. चुकले मी."

खारूने हे ऐकून घेतलं. जवळ आली नाही. "मग बाबा म्हणतात ती शाळा?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तू ओट्यापाशी फोनवर बोलत होतीस. बाबांचा आवाज बाहेर येत होता. मी दाराआड होते."

नाकबाईला हसू आणि रडू एकदमच आलं. तिने उठून घरातली दोन्ही दारं सताड उघडली, स्वतःचा फोन घेतला आणि खारूसमोर जमिनीवर बैठक मारून भावाला फोन लावला. सगळं मोठ्याने ऐकू येईल असं बटण दाबलं.

"काय गं ताई, आज मध्येच?"

"खारूसमोर बोलतेय. ती निवासी शाळा-बिळा काही बघू नकोस. पोर माझ्याकडे राहणार. आणि तुझ्या बायकोला सांग, रोज नाही जमलं तरी पोरीशी स्वतः बोल म्हणावं. पोर वाट बघते."

भाऊ गडबडला. "अगं, पण शाळेतून म्हणाले की ती... आणि तिला तरी राहायचंय का? तिला विचारलंस?"

विचारलं नव्हतं. इतक्या दिवसांत तेवढंच विचारलं नव्हतं. नाकबाईने फोन पोरीपुढे धरला. पोर काय म्हणणार हे तिला खरोखरच माहीत नव्हतं.

"खारू, बेटा," फोनमधून भावाचा आवाज आला, "तुला आत्याकडेच राहायचंय का? नीट विचार करून सांग. तुझी खात्री आहे ना?"

खारूने आत्याकडे बघितलं. सुजलेले डोळे, लाल झालेलं नाक, सगळं नीट बघून घेतलं.

"नाही बाबा, खात्री नाही," ती म्हणाली. "तरी राहते."